मलप्रभेच्या काठावर दोन वर्षं: काय जगलं, काय वाहून गेलं

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आमच्या गावाला वळसा घालून पुढं जाते. धुण्याच्या घाटापासून खालच्या ओढ्याच्या तोंडापर्यंत नदीकाठची एक पट्टी पंचायतीच्या ताब्यात आहे. सव्वादोनशे मीटर लांब, पंचवीस-तीस मीटर रुंद, म्हणजे साधारण दीड एकर. आमच्या लहानपणी तिथं करंजाची आणि जांभळीची दाट सावली होती. आता घाणेरी, रानमोडी, पाण्यालगत बेशरम आणि मधूनमधून प्लॅस्टिक. ही पट्टी पुन्हा उभी करायची म्हणून आम्ही नऊ जणांनी दर रविवारी सकाळी सात ते दहा असं काम धरलं. या त्याच्या नोंदी. दुसऱ्या गावात कुणी हेच करायला घेतलं, तर त्यांचं आमच्याइतकं एक वर्ष तरी फुकट जाऊ नये.

८ जानेवारी २०२३
पहिला दिवस. कोयते, दोन कुदळी, एक पहार. घाणेरी जमिनीलगत तोडत गेलो. तीन तासांत घाटाजवळचा मोठा तुकडा मोकळा झाला आणि नदी दिसायला लागली. सगळे खूश. हातमोजे नव्हते, त्यामुळं सगळ्यांचे हात ओरबाडले. पुढच्या वेळी चामड्याचे मोजे आणायचे, कापडी चालत नाहीत, काटे आरपार येतात.

पंचायतीला अर्ज कन्नडमध्ये दिला आहे. तो आमच्यातल्या निवृत्त मास्तरांनी लिहिला. तोंडी होकार मिळाला, लेखी यायचा आहे.

५ फेब्रुवारी २०२३
पहिल्या दिवशी तोडलेल्या प्रत्येक बुडख्यातून पाच-सहा नवे कोंब आलेत. चार रविवार वाया.

एक बुडखा मुद्दाम उकरून पाहिला. खोड जिथं मातीत शिरतं तिथं गाठीगाठींचा एक जाड गड्डा असतो. कोंब फुटतात ते तिथूनच. त्याच्या खालच्या मुळाला कोंब येत नाहीत. म्हणजे मातीखाली दोन-तीन बोटं जाऊन, गड्ड्याच्या खाली मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून उलटं टाकायचं, मुळं आभाळाकडं. सुलटं टाकलं आणि फांदी मातीला टेकली तर ओलीवर ती पुन्हा धरते. एका मोठ्या झुडपाला दोन माणसांची दहा-बारा मिनिटं जातात. काम फार मंद वाटतं, पण या पद्धतीनं काढलेलं एकही झुडूप नंतर फुटलेलं नाही.

१९ फेब्रुवारी २०२३
पाण्यालगतचं बेशरम तोडलं. पोकळ दांडे, तोडायला सोपे. ढीग काठावरच लावून ठेवला, वाळला की जाळू म्हणून.

१२ मार्च २०२३
घाणेरीचा अजून अर्धा पट्टा शिल्लक, आणि उन्हं वाढत चाललेली. कंटाळून जेसीबी बोलावला. पाच तास, तासाला १,१०० प्रमाणे ५,५००. संध्याकाळपर्यंत सगळं साफ. काठाच्या उतारावरून यंत्र फिरलं तेव्हा पाण्यालगतच्या दगडांतली काही झुडपंही चिरडली गेली. ती शेरणीची होती हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. दोन वर्षांत सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. कारण पुढं येईलच.

२१ मे २०२३
मार्चअखेर विधानसभेची आचारसंहिता लागली. १० मेला मतदान, १३ला निकाल. लेखी परवानगी त्यानंतर हातात आली. या आठवड्यात कुंपण घातलं: सिमेंटचे खांब, काटेरी तार, १४,२०० रुपये.

२८ मे २०२३
तार तीन ठिकाणी तोडलेली. दोन खांब आडवे.

सुरुवातीला आम्ही चिडलो. मग ज्यांच्या म्हशी रोज तिथून पाण्याला जातात त्या आजोबांकडं गेलो. त्यांनी आधी बसायला सांगितलं, चहा ठेवायला लावला आणि मग म्हणाले, “आमच्या म्हशी काय उडत जायच्या काय पाण्याला? कुंपण घालतानी एक शबूद तरी इचारलासा काय?”

खरंच विचारलं नव्हतं. पंचायतीला विचारलं, आणि काठ रोज वापरणाऱ्या माणसांना सोडून दिलं. म्हशीवाले, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, शेळ्या घेऊन येणारे धनगर, मासे धरणारी पोरं, या सगळ्यांशी जानेवारीतच बोलायला हवं होतं. कुणी असं काम काढणार असाल तर कोयता हातात घ्यायच्या आधी पंधरा दिवस नुसते काठावर बसा. कोण कधी येतं आणि कुठून उतरतं ते बघा.

११ जून २०२३
९ तारखेला वळवाची एक जोरदार सर झाली. मृग लागला, आता पाऊस धरला असं समजून आज ३१० रोपं लावली. करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. त्यातली साठेक अगदी खालच्या ओळीत, पाण्याजवळ. रोपं आणि वाहतूक मिळून ४,६५०. माणसं तीसेक आली होती, शाळेतली पोरंही. फोटो भरपूर काढले.

एक धनगर मामा शेळ्या घेऊन थांबले होते. त्यांनी देवळाच्या जोत्यावर काठी टेकवून दाखवली: “इल्लीतनक नीर बरतैत्री.” इथपर्यंत पाणी येतं. २०१९च्या ऑगस्टातल्या महापुराची खूण त्या जोत्यावर अजून दिसते. आमची निम्मी रोपं त्याच्या कितीतरी खाली होती. आम्ही मान डोलावली आणि लावत राहिलो.

२५ जून २०२३
दोन आठवडे आभाळ कोरडं. ट्रॅक्टरच्या तीन टाक्या पाणी विकत आणलं, २,४००. आज मोजली तर ३१० पैकी १७४ हिरवी. एका सरीवर लावायला नको होतं. ओल टिचभर खोल होती की हातभर, हे पहारेनं एक खड्डा काढून बघायला दोन मिनिटं लागली असती. लावणीआधी आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी ओल बघतो. आम्हीही त्यांच्याच घरातले, पण तारीख ठरली होती, माणसं बोलावली होती, म्हणून लावली.

२३ जुलै २०२३
आठवडाभर धो धो. नदी लाल, फुगलेली. खालची ओळ पाण्याखाली.

वळणावर जिथं जेसीबी उतरला होता तिथं साधारण वीस मीटर काठ ढासळला. वरची भुसभुशीत तांबडी माती आणि त्यात आमची लावलेली रोपं असा सगळा तुकडा घसरून पाण्यात गेला. त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथं यंत्र गेलं नव्हतं, काठ जागेवर आहे. घाणेरी वाईट खरी, पण तिची मुळं माती धरून होती. ती काढायची तर पट्ट्यापट्ट्यानं, आणि काढलेल्या जागेत दुसरं काही रुजल्याशिवाय पुढच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. आम्ही एका दिवसात सगळं उघडं केलं.

आणि बेशरम. फेब्रुवारीत काठावर रचलेला ढीग वरून वाळलेला, आतून ओला होता. पावसात एकूण एक दांडा फुटला. काही वाहून जाऊन खालच्या बाजूला रुजले असणार, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. बेशरम काढायचं तर पाण्यापासून लांब, खडकावर किंवा पक्क्या रस्त्यावर कडक उन्हात पसरायचं, आणि पाऊस यायच्या आत हलवायचं.

२७ ऑगस्ट २०२३
ऑगस्ट कोरडा गेला. उघड्या झालेल्या जमिनीवर कमरेएवढं गाजर गवत. फुलायच्या आधी उपटायला हवं होतं, आता फुलं आलीत. दोघांना अंगावर खाज सुटून पुरळ उठलं. पुढं पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं. मजुरीवर चार बायका तीन दिवस घेतल्या, ४,८००.

पाण्यासाठी एक उपाय लागू पडतोय. खानापूरची माती कौलं आणि मडक्यांसाठी नावाजलेली आहे. ओळखीच्या कुंभाराकडून थोडी तडकलेली, विकली न जाणारी मडकी फुकट मिळाली. रोपापासून वीतभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर चपटा दगड. पाणी झिरपत राहतं, आठवड्यातून एकदा भरलं तरी पुरतं. पहिली सहा मडकी दगड न ठेवल्यामुळं म्हशींच्या पायाखाली फुटली, शिवाय आत डासांच्या अळ्या झाल्या. दगड ठेवायला विसरू नका. जास्त तडकलेलं मडकं एका रात्रीत रिकामं होतं, ते बाजूला काढा.

१ ऑक्टोबर २०२३
विसर्जन झालं. निर्माल्य, थर्माकोल, मूर्तींच्या लोखंडी सळ्या. आम्ही सोळा जण, तीन ट्रॉल्या. गर्दीनं वरच्या ओळीतली अकरा रोपं तुडवली. कुणाला दिसलीच नसणार, काठ्या आणि खुणा काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी मंडळांना आधी भेटायचं आणि वाट आखून द्यायची.

१९ नोव्हेंबर २०२३
दिवाळीनंतर दोघं कारवारला जाऊन आलो, रामनगर-जोयडाच्या रस्त्यानं. तिथं किनाऱ्यावर स्वयंसेवेनं काम करणारा एक जुना मित्र आहे. त्यानं आम्हाला आधी सुरूच्या झाडांकडं नेलं नाही. पुढं नेलं, जिथं भरतीचं पाणी संपतं आणि कोरडी वाळू सुरू होते. तिथं मर्यादवेल पसरलेली. त्यानं वेलीचं एक टोक उचललं तर पेरापेराला मुळं, आणि प्रत्येक मुळाला वाळूचा गोळा चिकटलेला. “हिला आधी बसू द्यायचं. झाडं हिच्या पाठीमागं. पुढं लावलीस तर वाळूही जाते आणि झाडही जातं.”

आपल्याकडं समुद्र नाही, पण पाण्याचा मार तोच. परत येताना गाडीत एकच बोलणं: आपल्या नदीची मर्यादवेल कोणती?

उत्तर म्हशीवाल्या आजोबांकडं मिळालं. “शेरणी. दगडात येती. पूर आला की झोपती, गेला की उठती.” आम्ही चिरडली तीच.

१४ जानेवारी २०२४
वर्षाचा हिशेब. लावलेली ३१०, जिवंत ९७. खालच्या ओळीतलं एकही नाही.

खर्च: अवजारं ६,८४०, जेसीबी ५,५००, कुंपण १४,२००, रोपं ४,६५०, पाणी २,४००, मजुरी ४,८००, चहा-पोहे ३,२६०. एकूण ४१,६५०. त्यातला कुंपण आणि जेसीबीचा मिळून १९,७०० हा पैसा आम्ही खर्च केला नसता तर काठ आज जास्त बरा असता.

नऊ जणांतले चार आता येत नाहीत. पण धुणं धुणाऱ्या दोन वैनी यायला लागल्यात, आणि त्यांना कुठली जागा केव्हा ओली असते ते आमच्याहून जास्त कळतं.

२८ जानेवारी, ४ आणि ११ फेब्रुवारी २०२४
दुसरी पद्धत. पावसाळ्यात नाही, आत्ता लावायचं. नदी उतरत जाते तशी काठावर ओली पट्टी उघडी पडते. तिथं आत्ता लावलेल्या काडीला पुराच्या आधी मुळं धरायला पाच महिने मिळतात.

वरच्या बाजूच्या खडकाळ पात्रातून शेरणीच्या काड्या आणल्या. अंगठ्यापेक्षा थोडी बारीक, हातभर लांब, एका झुडपाच्या चार-पाचच. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावायच्या. पहारेनं तिरकं भोक, दोन तृतीयांश काडी आत, टोक प्रवाहाच्या दिशेला झुकलेलं, माती पायानं घट्ट दाबायची. पोकळी राहिली की काडी वाळते. पहिल्या दिवशीच्या शंभरेक काड्यांपैकी बऱ्याच याच कारणानं गेल्या, त्या पुन्हा लावल्या. तीन रविवारांत ४००. त्यांच्या मागं वाळुंजाचे ६० दांडे, मनगटाएवढे जाड. वाळुंज हे नदीकाठचं झाड, तेही काडीनं लागतं.

ढासळलेल्या वळणावर दगडांचा एक ताल रचला, बिनचुन्याचा. मोठे दगड खाली, फटींत शेरणी.

कुंपणाचे उरलेले खांब काढून दोन्ही टोकांना म्हशींच्या वाटेच्या कडेला लावले. वाट चार मीटर रुंद, थेट पाण्यापर्यंत, मोकळी. आजोबांनी स्वतः आखून दिली. तेव्हापासून एकदाही तार तुटलेली नाही.

३ मार्च २०२४
वणव्याची भीती. वाळलेलं गवत आणि उलटी पडलेली घाणेरी, एक काडी पुरे. वरच्या कडेनं तीन मीटरची जाळरेषा खुरप्यानं साफ केली. आग लावून नाही.

२१ एप्रिल २०२४
करंजाच्या शेंगा वाळून तयार. एक पोतं गोळा केलं. रोपं विकत घेणार नाही.

९ जून २०२४
पहारेनं खड्डा काढला. ओल हातभर खोल. आज लावलं.

करंज बी थेट, दोन-दोन एका खड्ड्यात, देवळाच्या जोत्याच्या खुणेच्या आसपास आणि वर. जांभळाचं बी ताजंच लावायला हवं, ठेवलं की त्याची उगवण पटकन जाते. म्हणून शाळेतल्या पोरांना जांभळं खायला बोलावलं, बिया तिथंच बुट्टीत आणि बुट्टीतून मातीत. उताराच्या मधल्या पट्ट्यात वाळ्याचे ६०० फुटवे, वीतभर अंतरानं, उताराला आडव्या ओळींत. उभ्या ओळी घातल्या तर त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळते.

खर्च: शून्य रोपं, वाळ्याची वाहतूक ९००, चहा.

२८ जुलै २०२४
पूर. पुलावरून पाणी. घाट दिसत नाही. पाणी देवळाच्या जोत्याच्या तीन पायऱ्या खाली आहे. चार दिवस झाले, शेरणी कुठं आहे ते कळत नाही, नुसता लाल लोंढा. आज काम नाही. सगळे मात्र येऊन उभे राहिले.

११ ऑगस्ट २०२४
पाणी उतरलं. खाली गेलो तेव्हा वळणावर काहीच नाही असं वाटलं. सगळीकडं गाळ. मग वैनींनी वाकून हातानं गाळ बाजूला केला तर खाली शेरणी आडवी पडलेली, प्रवाहाच्या दिशेला, पानं गाळानं माखलेली. एक ओढून बघितली. आली नाही. दुसऱ्या हातानं धरून जोर लावला, तरी नाही. बुंध्याशी बोटं घालून पाहिलं तर दोऱ्यासारखी तांबूस मुळं दगडाला वेढा घालून फटीत उतरलेली, आणि त्या मुळांच्या जाळीत या पुराचा ताजा गाळ अडकलेला. गेल्या वर्षी इथूनच वीस मीटर काठ गेला होता. या वर्षी दीड मीटर गेला, तोही तालाच्या टोकाला, जिथं शेरणी लागली नव्हती.

मोजणी: शेरणी ४०० पैकी २८६. वाळुंज ६० पैकी ४१. वाळा ६०० पैकी साधारण ४३०. करंजाची रोपं वितभर, ती मोजायला अजून लवकर आहे.

आडवी झालेली शेरणी हातानं उभी करायच्या फंदात पडू नका. आम्ही दहा-बारा उभी करून दगडांचा आधार दिला, तीच मोडली. बाकीची दोन आठवड्यांत आपली आपण उठली.

२२ सप्टेंबर २०२४
या वर्षी विसर्जनाआधी मंडळांकडं गेलो. वाटेला दोन्ही बाजूंनी भगव्या-पांढऱ्या पताका, निर्माल्याला तीन मोठे ड्रम, मराठी आणि कन्नड दोन्हींत फलक. तुडवलेली रोपं: दोन.

६ ऑक्टोबर २०२४
जुन्या उंबराखाली घाणेरीची शेकडो इवली रोपं. बुलबुल तिची फळं खातात आणि फांदीवर बसून बिया टाकतात. आत्ता दोन बोटांनी उपटता येतात, पुढच्या वर्षी पहार लागेल. उंच झाडांच्या खालची जमीन पावसाळ्यानंतर दर महिन्याला बघायची, हे कायमचं काम आहे. पोरांना ते नेमून दिलंय. प्रत्येकाचं एक झाड.

१२ जानेवारी २०२५
दुसऱ्या वर्षाचा खर्च ७,३१०. पहिल्या वर्षातली ९७ रोपं आता ८८. करंज उगवलेली १४० च्या आसपास, जांभूळ ३५.

संक्रांतीच्या आंघोळीसाठी घाट धुऊन काढला. वाळुंज डोक्याच्या वर गेलाय. वैनींनी त्याच्या फांदीला दोरी बांधून लुगडी वाळत घातली होती. आमच्यातला एक जण सोडायला निघाला, मी थांबवलं. फांदी वाकतेय, मोडत नाही. ज्या झाडावर लुगडं वाळतं ते झाड कुणी तोडू देणार नाही.

नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावातून तिघं जण आले होते. त्यांचाही काठ ढासळतोय, आणि त्यांनी जेसीबीचं बोलणं केलेलं. त्यांना वळणावर नेलं, गेल्या वर्षीच्या ढासळीची कड दाखवली, शेरणी ओढून बघायला सांगितली. तिघांनीही ओढून बघितली. मग आमच्याच झुडपांच्या दीडशे काड्या कापल्या, ओल्या पोत्यात बांधल्या आणि मोटारसायकलला मागं आडव्या लावून दिल्या. आजच्या आज लावा, म्हणून दोनदा सांगितलं. अंधार पडायच्या आत त्यांचा फोन आला, शंभर लागल्या, पन्नास उद्या सकाळी, पोतं नदीत बुडवून ठेवलंय.